लेबल धुऊन टाकलेली रेकॉर्ड

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७०च्या दशकात क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा एक उंचापुरा जमैकन पोरगा घरातल्या टबात पाणी भरून त्यात रेकॉर्ड्स भिजत घालायचा. कागदी लेबल सुटून आलं की तबकडी पुसायची, वाळवायची आणि तशीच कोरी पार्टीत वाजवायची. गाणं कुणाचं, कंपनी कुठली, हे मान उंचावून बघणाऱ्या दुसऱ्या डीजेला कळू नये, एवढाच हेतू. ही शिकवण वडिलांकडून आलेली. जमैकात भलेमोठे स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणारे लोक लेबलं चक्क खरवडून टाकत. आपल्याकडचे जुने गवई घराण्याची खास चीज परक्यासमोर गायला तयार नसत, तसलाच हा हट्ट.

हा पोरगा म्हणजे डीजे कूल हर्क. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत त्याच्या बहिणीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड्स लावल्या हर्कने. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज हीच तारीख सांगतात.

आता गंमत बघा. त्या काळच्या तबकड्या जमवणारी माणसं आज भिंगातून नेमकं काय बघतात, तर लेबल. त्याचा रंग, त्यावरचा पत्ता, गाण्याखाली कंसात छापलेली नावं. हर्क जे पाण्यात विरघळवत होता, त्याचेच आता पैसे मोजले जातात. एकाच गाण्याची एक प्रत दोन मिसळींच्या भावात मिळते आणि दुसरी मोटारसायकलच्या भावात जाते. बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. मलाही वाटायचा. पण त्यामागे एक सरळ हिशेब आहे, आणि तो समजायला रेकॉर्ड कशी वापरली जायची आणि कशी बनायची, या दोन गोष्टी कळल्या की पुरे.

आधी वापर. हर्कच्या लक्षात आलं की गाण्यात गायक थांबतो, बाकी वाद्यं गप्प होतात आणि फक्त ढोल-ताशे उरतात, त्या काही सेकंदांत नाचणारे अक्षरशः पेटतात. या तुकड्याला ब्रेक म्हणतात. तो जेमतेम दहा-वीस सेकंदांचा. मग हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर चढवल्या. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. दहा सेकंदांची पाच मिनिटं झाली. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने हे काम घड्याळजीच्या अचूकपणे केलं आणि ग्रँड विझर्ड थिओडोरने तबकडी सुईखाली मागेपुढे घासून तो खरखरीचा आवाज, म्हणजे स्क्रॅच, वाद्यासारखा वापरला.

संग्राहकाच्या नजरेतून याचा अर्थ काय? ज्यांनी या रेकॉर्ड्स विकत घेतल्या त्यांनी त्या जपल्या नाहीत, राबवल्या. जोडीने घेतल्या, बोटांनी मागे ओढल्या, घामाच्या हातांनी हाताळल्या, त्यावर मार्करने आपलं नाव टाकलं, ब्रेक कुठे आहे ते कळावं म्हणून चिकटपट्टी लावली. शास्त्रीय संगीताची एलपी एखाद्या डॉक्टरांच्या दिवाणखान्यात चाळीस वर्षं सुखाने पडून राहते. ब्राँक्समधली रेकॉर्ड दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटमधून उद्यानात जायची आणि तिथे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून घेतलेल्या विजेवर वाजायची. त्यामुळे छापल्या किती याहूनही, धड उरल्या किती, हा प्रश्न मोठा.

संग्राहकांचे इथे दोन गट पडतात, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो.

पहिला गट ब्रेकच्या रेकॉर्ड्स जमवतो. या हिपहॉपच्या नाहीतच; फंक, सोल, रॉक, लॅटिन, काहीही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण इन्क्रेडिबल बाँगो बँडच्या १९७३च्या ‘बाँगो रॉक’ या एलपीवरचं ‘अपाची’. हा खरा बँडसुद्धा नव्हता. रेकॉर्ड कंपनीत काम करणाऱ्या मायकेल व्हायनर नावाच्या माणसाने स्टुडिओतले वादक गोळा करून ते ध्वनिमुद्रित केलं होतं. बाजारात त्याचं फार काही झालं नाही. पण त्यात ड्रम्स आणि बाँगोचा लांबलचक तुकडा आहे, हर्कने तो उचलला, आणि ब्राँक्समध्ये त्याचं राष्ट्रगीत झालं. असल्या रेकॉर्ड्स मिळवायला डीजे मॅनहॅटनमधल्या ‘डाउनस्टेअर्स रेकॉर्ड्स’सारख्या दुकानांत जायचे. १९८६ ते १९९१ या काळात ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ नावाचे पंचवीस संच निघाले आणि जी गुपितं हर्कने टबात बुडवली होती ती कुणालाही दुकानात मिळू लागली.

दुसरा गट रॅपच्या रेकॉर्ड्स जमवतो, आणि त्यांची अडचण अशी की पहिली सहा वर्षं जमवायला काही नाहीच. १९७३ ते १९७९ हा सगळा काळ कॅसेटींवर आहे. पार्टीत कुणीतरी टेप लावायचं, त्याच्या प्रती हातोहात फिरायच्या. ही गोष्ट प्लास्टिकवर छापून विकता येईल असं त्यांच्यापैकी बहुतेकांना वाटलंच नव्हतं. पार्टी ती पार्टी. ती घरी नेऊन कोण ऐकणार?

१९७९ साली फॅटबॅक या फंक बँडने आपल्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘किंग टिम द थर्ड’ नावाचं रॅप टाकलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत न्यू जर्सीतल्या एंगलवुडमधून, सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने ‘रॅपर्स डिलाइट’ काढलं. चौदा मिनिटांहून लांब. ब्राँक्समधल्या पार्ट्यांमध्ये ज्यांची नावं गाजत होती त्यांच्यापैकी एकही जण त्यात नव्हता. शुगरहिल गँग हा त्या रेकॉर्डसाठी जमवलेला चमू. त्यातल्या एकाने म्हटलेल्या ओळी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरच्या वहीतल्या होत्या, आणि कॅझचं नाव त्यावर कुठेच नाही. खाली वाजतं ते शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’चं संगीत, स्टुडिओत वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेलं.

इथे लेबलाचा पहिला धडा. सुरुवातीच्या प्रतींवर लेखक म्हणून रॉबिन्सनबाई आणि तिघे रॅपर यांची नावं आहेत. शीकचा गिटारवादक नाइल रॉजर्सने ही रेकॉर्ड एका क्लबमध्ये ऐकली, वकिलांकडे गेला, आणि नंतरच्या प्रतींवर बर्नार्ड एडवर्ड्स आणि नाइल रॉजर्स ही नावं आली. म्हणजे कंसातली नावं वाचून प्रत भांडणाआधीची की नंतरची ते सांगता येतं. तारीख छापलेली नसली तरी.

असंच एक भांडण आपल्या घरचंही आहे. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ आलं, निर्माता डीजे क्विक, आणि त्यात लता मंगेशकरांच्या आवाजातलं ‘थोडा रेशम लगता है’ जसंच्या तसं. गाणं १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं, संगीत बप्पी लाहिरींचं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय पुढे विक्री करायची नाही असा आदेश निघाला. ज्यांच्याकडे नाव नसलेली प्रत आहे त्यांनी ती फेकू नये, एवढंच म्हणतो.

‘रॅपर्स डिलाइट’कडे परत येऊ, कारण दुसरा गैरसमजही तिथलाच. लोकांना वाटतं, इतिहास घडवणारी रेकॉर्ड म्हणजे महाग असणार. तसं नाही. ती प्रचंड खपली. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत छत्तिसाव्या क्रमांकापर्यंत गेली. जी गोष्ट घराघरात होती ती दुर्मीळ कशी असेल? महाग आहेत त्या तिच्या पाठोपाठ निघालेल्या, कुणी न ऐकलेल्या.

‘रॅपर्स डिलाइट’चा खप बघून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या छोट्या व्यापाऱ्यांना जाग आली. बॉबी रॉबिन्सन यांचं १२५व्या रस्त्यावर रेकॉर्डचं दुकान होतं आणि एन्जॉय नावाची स्वतःची कंपनीही होती. त्यांनी १९७९मध्येच ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हचं ‘सुपररॅपिन’ आणि फंकी फोर प्लस वनची रेकॉर्ड काढली. त्यांचा पुतण्या स्पूनी जी हाही रॅपर, पण त्याची पहिली रेकॉर्ड, ‘स्पूनिन रॅप’, काढली पीटर ब्राउन या दुसऱ्याच माणसाने. त्याच १२५व्या रस्त्यावर पॉल विनली. त्यांनी आपल्या मुलींनाच स्टुडिओत उभं केलं; टान्या आणि पॉलेट विनली यांचं ‘ऱ्हायमिन अँड रॅपिन’ १९७९चं. ब्रेकच्या तुकड्यांचे संचही त्यांनी काढले, आणि त्यावर ‘ब्रेक’चं स्पेलिंग गाडीच्या ब्रेकचं छापलं. मला ही कंपनी फार आवडते. कारभार सगळा किराणा दुकानासारखा: माल आला की विकायचा, संपला की बघू.

आणि दुर्मीळपणा या कारभारातून आला. मोठी कंपनी लाखभर प्रती छापते, देशभर पाठवते, कागदपत्रं ठेवते. हे लोक काहीशे किंवा हजार-दोन हजार प्रती छापून घेत, गाडीच्या डिकीतून आसपासच्या दुकानांत टाकत. गाणं रेडिओवर लागलं तर पुन्हा छापायचं, नाहीतर विषय संपला. बऱ्याच कंपन्या एक-दोन रेकॉर्ड काढून बंद पडल्या.

या बहुतेक रेकॉर्ड्स बारा इंची आहेत, म्हणजे एलपीएवढ्या मोठ्या, पण एका बाजूला एकच गाणं. तबकडीवरची खाच म्हणजे आवाजाचा आलेखच असतो. खर्जाचा, ढोलाचा आवाज जितका मोठा, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त हेलकावते आणि जागा खाते. एलपीवर वीस मिनिटं बसवायची तर खाचा खेटून काढाव्या लागतात, म्हणजे आवाज दाबावा लागतो. त्याच तबकडीवर सात-आठ मिनिटंच भरली की खाचेला ऐसपैस जागा मिळते. ढोल छातीवर आदळतो. डिस्कोवाल्यांनी हे १९७०च्या दशकाच्या मध्यावर शोधलं, १९७६च्या सुमारास अशा रेकॉर्ड्स दुकानात विकायला आल्या, आणि रॅपवाल्यांना त्या आयत्या मिळाल्या.

आता रेकॉर्ड बनते कशी, कारण संग्राहकाची खरी करमणूक इथे आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा मऊ थर दिलेला असतो. कातणाऱ्या यंत्राची गरम सुई त्यात खाच कोरते. या मऊ चकतीवर चांदीचा पातळ थर देतात, मग विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात आणि ते सोलून काढतात. त्यावरून धातूची ‘मदर’, मदरवरून ‘स्टँपर’, आणि स्टँपरच्या दाबाखाली गरम विनाइलचा गोळा सपाट होऊन रेकॉर्ड. आपण मोदक साच्यातून काढतो तेच. साचा झिजतो हेही तेच. एक स्टँपर साधारण हजारभर प्रतींनंतर बदलावा लागतो.

कोरणारा कारागीर काम झालं की गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत, रिकाम्या कड्यात हाताने काही अक्षरं खरवडतो: रेकॉर्डचा क्रमांक, बाजू, कितव्यांदा कोरलं ते. नवीन लॅकर कोरलं तर बहुधा मागे ‘आरई’ अशी खूण येते. कुणी आपलं नाव लिहितो. न्यूयॉर्कचा हर्ब पॉवर्स ‘हर्बी ज्युनियर’ असं लिहून शेजारी हसरा चेहरा काढायचा. त्याच्या हातून गेलेल्या नाचाच्या आणि रॅपच्या रेकॉर्ड्सवर तो चेहरा उजेडात तिरका धरला की दिसतो. कातणाऱ्या स्टुडिओचा शिक्काही कधीकधी असतो, फ्रँकफर्ड वेन किंवा स्टर्लिंग असा. या कड्याला इंग्रजी बोलणारे लोक मेलेलं मेण म्हणतात. आपल्याकडे बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्या जमवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे हाच कड्यातला क्रमांक, हा त्यांच्याही गप्पांतला शब्द.

लेबल बनवणं सोपं असतं. आज स्कॅनर आणि चांगला छापखाना असला की कुणीही बनवेल, आणि बनवतात. नकली प्रत ओळखायच्या दोन खुणा मला सगळ्यात उपयोगी वाटतात. एक म्हणजे हे कड्यातलं हस्ताक्षर: खऱ्या प्रतीच्या छायाचित्राशी ताडून पाहायचं. दुसरी जास्त मजेशीर. नकली बनवणाऱ्याकडे मूळ टेप नसते, तो कुठल्यातरी जुन्या प्रतीवरूनच आवाज उचलतो. त्यामुळे हातात आरशासारखी चकचकीत, एकही ओरखडा नसलेली तबकडी असते आणि सुई ठेवली की कडकड, टकटक ऐकू येतं. ते ओरखडे दुसऱ्याच कुणाच्या तरी रेकॉर्डचे असतात, छापून आलेले.

हे सगळं माहीत असून मी फसलो, ते वेगळ्याच बाबतीत. रेकॉर्डच्या अवस्थेला श्रेणी असतात: मिंट म्हणजे कोरी, निअर मिंट, मग व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, आणि त्याखाली गुड. या जगात गुड म्हणजे वाईट, हे आधी लक्षात ठेवायचं. मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हच्या १९८२च्या ‘द मेसेज’ची बारा इंची मागवली, व्हीजी प्लस म्हणून. टपालखर्च रेकॉर्डपेक्षा जास्त, वर कस्टम्सचा भुर्दंड. आली तेव्हा दिव्याखाली सुरेख दिसली. वाजवली तर पहिले पाच-सहा सेकंद तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, आणि मग एकदम स्वच्छ. डीजे गाण्याची सुरुवात पकडायला तबकडी सुईखाली पुढेमागे करतो, त्यामुळे तेवढीच खाच जळून जाते. त्याला क्यू बर्न म्हणतात. डोळ्यांना ते दरवेळी दिसत नाही. विक्रेत्याला वाजवून बघायला सांगणं हा एकच उपाय. मी महिनाभर चरफडलो. नंतर वाटलं, कुणीतरी ही खरंच कुठेतरी नाचणाऱ्यांसमोर लावली होती, त्याची ही पावती. आता ती विकायला काढली तर अर्थात हेच सांगून चालणार नाही.

सगळ्यात महागड्या रेकॉर्डचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘बीट बॉप’, १९८३, रॅमलझी आणि के-रॉब. निर्माता आणि मुखपृष्ठाचा चित्रकार झाँ-मिशेल बास्किया, तेव्हा वय २२. कंपनी टारटाऊन, म्हणजे बास्कियाने स्वतःच घातलेलं नाव. काळ्यावर पांढऱ्या रेषांचं चित्र, गाणं दहा मिनिटांचं, घुमणारं, थोडं भुताटकीचं. छापल्या सुमारे पाचशे. पुढे प्रोफाइल कंपनीने तेच गाणं काढलं, ती प्रत बरीच स्वस्त आहे. टारटाऊनची मूळ प्रत मात्र हिपहॉपवाल्यांच्या हातातून निसटून चित्रांच्या बाजारात गेली. २०२० साली न्यूयॉर्कला सोदबीजच्या हिपहॉप लिलावात तिला एक लाख डॉलरहून जास्त बोली लागली. माझं स्पष्ट मत: त्या पैशाचा रॅपशी संबंध नाही. तो बास्कियाच्या चित्राचा भाव आहे, आत रेकॉर्ड आहे हा योगायोग.

त्याच सुमाराची एक जोडी मला जास्त भावते. १९८२मध्ये न्यूयॉर्कात आफ्रिका बम्बाटा या ब्राँक्सच्या डीजेचं ‘प्लॅनेट रॉक’ बनलं, त्यातला ठेका रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या जपानी यंत्राचा. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग या हिंदी चित्रपटांत वाजवणाऱ्या वादकाने तेच यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने एलपी काढली, खपली नाही. २००२ साली दिल्लीत ती एका डच संग्राहकाच्या हाती लागली आणि २०१०मध्ये नव्याने निघाली. एक यंत्र, एक वर्ष, दोन शहरं. एकाची तबकडी लाखोंनी उरली, दुसऱ्याची माळ्यावर गेली. मूळ प्रतीचा आजचा भाव विचारू नका.

सुरुवात करायची असेल तर माझा सल्ला साधा आहे. महागडं नाव शोधत बसू नका. एकच कंपनी धरा, एन्जॉय किंवा विनली किंवा टॉमी बॉय, आणि तिच्या प्रतींमधले फरक वाचायला शिका. डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ २०००पासून चालू आहे. तिथे लोकांनी एकेका प्रतीच्या लेबलाची छायाचित्रं आणि कड्यातली अक्षरं नोंदवून ठेवली आहेत. ऐकण्यासाठी नवीन छापलेली प्रत घ्या, तिला कमी लेखू नका. आवाज कित्येकदा चांगला असतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००७मध्ये हिपहॉपचा संग्रह उभा केला, त्यात आफ्रिका बम्बाटाच्या हजारो रेकॉर्ड्स आहेत. तिथे नुसती गाणी नाही, मार्करची नावं आणि चिकटपट्ट्यासुद्धा जपतात.

आणि लेबल नसलेली तबकडी हाती आली तर लगेच परत ठेवू नका. तिला दिव्याखाली तिरकी धरायची आणि रिकाम्या कड्यातून नजर गोल फिरवायची. तिथे कुणीतरी सुईने खरवडलेला क्रमांक असतो. तो कागदावर उतरवून डिस्कॉग्जवर टाकला की गाणं, कंपनी, साल, सगळं समोर येतं. हर्कच्या टबातलं पाणी तिथवर पोचलं नव्हतं.